खुर्च्या, खाटा आणि नववा रकाना

४ फेब्रुवारी

चि. चिंगीस,
अ. आ.

पंचक्रोशी निधीच्या समितीवर तुला घेतल्याचं कळलं. आपल्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी सही करणारं निघालं, नाहीतर आम्ही सगळे रंधा मारणारे.

तुला ठाऊकच आहे, तुझ्या वहिनीचा खुबा मोडला तेव्हा मी सायकलची चाकं लावून तिला खुर्ची करून दिली. ती काठी घेऊन हिंडू लागली आणि खुर्ची शेजारी गेली. मग मागणीच सुरू झाली. आता सहा खुर्च्या, चार उशाकडून उचलता येणाऱ्या खाटा आणि कुबड्या तर विचारूच नकोस. सगळं फुकट नेतात, बरं वाटलं की आणून देतात. पण बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. पाहुणा आला की त्याला चाकाच्या खुर्चीत बसवतो, तो घाबरून लवकर उठतो.

एक शेड आणि नवी चाकं हवीत. अर्ज भरायला घेतलाय. ‘लाभ कुणाला?’ या रकान्यात ‘ज्याचा पाय मोडेल त्याला’ असं लिहिलंय. तू फक्त एक शब्द टाक.

लोभ आहेच, तो आता समितीतही दिसू दे.

तुझा,
दादा

११ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तो एक शब्द मी टाकणार नाही. नातेवाइकाचा अर्ज आला की सभासदानं खोलीबाहेर जायचं, असा नियम आहे, आणि तो मीच भांडून करून घेतलाय. गावात राहिलेल्यांनी आणि बाहेर गेलेल्यांनी मिळून हा पैसा ठेवलाय. मुद्दल हलत नाही, व्याजातून दरवर्षी कामं होतात. यंदा तेवीस अर्ज आहेत आणि पैसे सातांपुरते. पाणवठ्याच्या पायऱ्या आहेत, शाळेचं छप्पर आहे. तुझी बहीण आत बसली म्हणून तुला मिळालं, असं कुणी म्हटलं तर तुझ्या खुर्चीत कोण बसेल?

सगळ्यांना सांगते तेवढंच तुला सांगते. नववा रकाना कोरा ठेवू नकोस. ‘तुमच्यानंतर हे काम कोण चालवेल?’ यावरच बरेच अर्ज पडतात.

रागावशील, ठाऊक आहे. राग उतरला की लोभ असू द्यावा.

तुझी,
चिंगी

२० फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहितेय. तुमचं पत्र आल्यापासून स्वारी फुगून बसलीय. बहीण साहेबीण झाली, असं भिंतीला ऐकवतात. पण खरं दुखणं नवव्या रकान्याचं आहे. चार सुतारांना विचारून आले, सगळ्यांनी हात जोडले. मग माझ्यानंतर सगळं मोडीत जाऊ दे म्हणाले आणि तेवढा रकाना कोरा ठेवून अर्ज माळ्यावर टाकला.

मी तो खाली काढला. नवव्या रकान्यात माझं नाव घातलं आणि पोस्टात टाकला. वर्षभर ब्रेकच्या तारा मीच बदलतेय. हे झोपतात दुपारचे, तेव्हा शेजारच्या दोघीजणी शिकायला येतात. तुम्हाला बाहेरच जायचंय, म्हणून निर्धास्त सांगतेय.

माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
वहिनी

१५ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

चाळीस मिनिटं पायरीवर बसवलं मला! आत हसण्याचे आवाज, आणि माझा जीव टांगणीला. शेवटी बोलावलं आणि सांगितलं, मंजूर. शेडचे पूर्ण, चाकांचे निम्मे.

पाहणीला निवृत्त कंपाउंडर आले होते ना? दादा लाकूड आणायला गेला होता, म्हणून तुम्ही त्यांना खुर्चीत बसवलंत, अंगणभर फिरवलंत आणि त्यांच्यासमोर अख्खं चाक खोलून बसवून दाखवलंत. त्यांनी समितीत सांगितलं म्हणे, की संस्था बाईंची आहे, सुतार तिथे कामाला आहे. मंजुरीचं पत्र तुमच्या नावानं निघालंय. दादाला कोण सांगणार, ते तुम्ही बघा. मी पुन्हा खोलीबाहेर!

असाच जीव लावत राहा.

तुमची,
चिंगी

९ मे

चि. चिंगीस,
अ. आ.

तीन महिने लिहिलं नाही. आधी राग होता, मग लाज वाटत होती. पोस्टमननं पाकिटावरचं नाव वाचलं तेव्हा मी त्यालाच चूक काढून दाखवली. मग हिनं सगळं सांगितलं. मी माणूस शोधत चार गावं पालथी घातली आणि घरात विचारलं नाही. तुझं बरोबर होतं, एवढंच लिहितो. जास्त लिहिलं तर तू फ्रेम करून लावशील.

शेड उभी राहिली. काल कुंभाराची आई इस्पितळातून घरी आली. तुझी वहिनी खाटेबरोबर टेम्पोत पुढे बसली, आणि मी स्क्रूंची पिशवी घेऊन सायकलवर मागे. खाट खिडकीशी लावली, उशाकडची बाजू उचलली. एकोणीस दिवस म्हातारी नुसतं छत बघत होती. ती उठून बसली, बाहेर पाहिलं आणि कपडे उलटे वाळत घातलेत म्हणून सुनेवर कडाडली. सून दारात उभी राहून रडायला लागली, आणि हसायलाही. हिनं मला हळूच खूण केली, की स्क्रू आवळा आणि निघा, खाट बरोबर लागलीय.

आता हिच्या हाताखाली आहे, तेव्हा तुझा लोभ असलेला बरा.

तुझा,
दादा