करवती काठाचा टर्बन

१२ जानेवारी, रविवार

विग कपाटावर फेकला. गेला तो! आईने पाच मिनिटं घातला, आरशात बघितलं आणि म्हणाली, "हर्षे, डोक्शावर मांजर बसली वं माह्या." आधी हसू आलं, मग रडू, मग रागच. किती शोधून आणला होता! पण खरंच मांजर. शिवाय टोचतो. चौथ्या किमोपासून तिची टाळू इतकी हळवी झालीय की उशीचा अभ्रासुद्धा सहन होत नाही.

प्रज्वलच्या लग्नाला पाच आठवडे उरलेत. आधी मे महिना ठरला होता. डिसेंबरात प्रज्वल नवरीच्या गावाहून, उमरेडहून आला आणि म्हणाला, नवरीची आजी तुळसाबाई फार आजारी आहे, तिच्या डोळ्यांदेखत होऊ द्या म्हणतात. म्हणून सोळा फेब्रुवारी. माझ्या भावाला लग्नाची घाई नव्हती, आजीला आहे!

आणि उमरेडला आईच्या आजाराचा पत्ता नाही. लागू द्यायचा नाही, हा आईचा हुकूम. "समजलं त म्हणतीन, पोरगी नांदाले पाठवून राहिलो का दवाखान्यात?" नवरीला, प्रीतीला, आणि तिच्या आईला, सत्यवतीबाईंना, एवढंच ठाऊक की विहिणीला जरा अशक्तपणा आहे. आपल्यामुळे पोराचं लग्न मोडलं तर आई ते मनाला लावून घेईल. आधीच अंगात काय उरलंय तिच्या?

म्हणून झाकायचं. मीच झाकणार. घरातल्या दोन पुरुषांकडून काही होणार नाही. एक बोलत नाही, दुसरा फोनवरून उठत नाही.

१५ जानेवारी, बुधवार

सापडलं!!

आज दुकानात एक कॉलेजची पोरगी आली. मैत्रिणीच्या संगीताला जुन्या सिनेमातल्या नटीसारखं जायचं होतं तिला. मोठे मोती, कानात ठसठशीत टॉप्स, डोक्याला स्कार्फ, काळा गॉगल. मी काउंटरवर एकेक वस्तू मांडत गेले. तिने सगळं चढवलं. केस स्कार्फमध्ये गेले, डोळे गॉगलमागे गेले, आणि मी तिथेच थांबले. ह्या पोरीच्या आत काय आहे ते कुणाला दिसतंय?

दहा वर्षं सदर बाजारात खोटे दागिने विकते आहे आणि अक्कल आज आली. माणूस आजारी दिसला की लोक विचारतात. हौशी दिसला की नावं ठेवतात. ठेवू देत नावं!

घरी येऊन आईला सांगितलं. वाटलं, वेडी म्हणेल. ती म्हणाली, "सदरले एक फोटो स्टुडिओ होता. काचेत एका बाईचा फोटो होता लावलेला. डोक्याले असाच रुमाल, मोत्याच्या माळा. मी आबाले म्हटलं, माहा असा फोटो काढा. त आबा म्हणे, मागावरच्या माणसाच्या पोरीले हे थेरं कायले?"

चाळीस वर्षं मनात ठेवलं बाईने. मला कधी बोलली नाही.

१९ जानेवारी, रविवार

स्कार्फ नायलॉनचे. सरकतात, टोचतात. तीन आणले, तिन्ही बाद.

बाबा दारात बसून ऐकत होते. उठले, ट्रंक उघडली आणि ते लुगडं काढलं. टसरचं, करवती काठाचं, काठावर करवतीसारखे दाते. बाबांनी माग मोडायच्या आधी विणलेलं शेवटचं. त्याच्या सुताच्या कांड्या आईने भरल्या होत्या. पदराला उंदीर लागला म्हणून पडून आहे, पण त्याच्याजवळ कात्री न्यायची आमची हिंमत नव्हती. एकदा मी उशीचे अभ्रे शिवू का म्हटलं होतं, दोन दिवस बोलले नाहीत.

आज स्वतः कात्री मागितली. "किती लांब पाह्यजे?" हाताने मापलं, तीन हात, आणि काठासकट कापलं. एकदाही थांबले नाहीत. मग बाहेर जाऊन पायरीवर बसले.

बाबा एवढे मऊ कधी झाले?

२३ जानेवारी, गुरुवार

आज सुटीचा अर्ज दिला. मालक म्हणे भावाच्या लग्नाला आठ दिवस कशाला. मी म्हटलं भाऊ एकच आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

बर्डीच्या बाजारात फिरून फिरून पाय दुखले. पण जमलं! फुटपाथवरून तीनपदरी मोती घेतले. प्लास्टिकचे आहेत, पण पिवळसर पांढरे. लखलखीत पांढरे घेतले की खोटे कळतात. काळा गॉगल, मोठ्या फ्रेमचा. मण्यांची छोटी पर्स. दुकानातल्या एका जोडाचं एकच कानातलं उरलं होतं, त्याला मागे पिन चिकटवून टर्बनवर लावायचा ब्रोच केला.

आईला सजवताना लक्षात आलं, नटवतेय कुठे, बुजवतेय. पाऊण बाह्यांचा लेसचा ब्लाउज हातावरच्या सुयांच्या काळ्या डागांसाठी. गर्द मरून नेलपॉलिश काळवंडलेल्या नखांसाठी. पेन्सिल भुवयांसाठी. मोती गळ्याच्या हाडांसाठी. प्रत्येक गोष्टीखाली काहीतरी आहे, आणि ते फक्त मला माहीत आहे.

टर्बन बांधताना घोळ झाला. कापडाच्या उलट्या बाजूला काठाचे सुटे धागे आहेत, ते टाळूला टोचले. आई कळवळली. मग मी कापड फिरवलं, गुळगुळीत बाजू आत, धाग्यांची बाहेर. लांबून काही कळत नाही.

मग गॉगल लावला. बाप्पा! आई आरशासमोर वळून वळून बघत होती. "कोण वं हे बाई?" मी मोबाइलवर फोटो काढले. ती म्हणाली, "लग्नात चांगल्या कॅमेऱ्यानं काढजो माहा. एकटीचा. विसरू नको." तीनदा सांगितलं. एवढी हौस!

८ फेब्रुवारी, शनिवार

प्रज्वलशी भांडण. पाचवी किमो आज होती. तो म्हणे लग्नानंतर घेऊ, डॉक्टरांनी परवानगी दिली. मी म्हटलं, मला का नाही नेलं विचारायला? धंतोलीच्या दवाखान्यात दर वेळी मीच आईजवळ बाहेर बसते आणि हा एकटा आत जातो. डिसेंबरात तर बाबांनाही आत नेलं, मला नाही. "तू आईपाशी बस, तुह्याशिवाय तिले करमत नाही." गोड बोलून कटवतो!

"रिपोर्ट चांगले आहेत ना?" विचारलं. "हाव ना, चांगले आहेत," म्हणाला, आणि मोटरसायकल काढून निघून गेला. असल्या माणसाशी प्रीती कसा संसार करणार देव जाणे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मेले! सगळं केलं आणि मुख्य गोष्ट विसरले!!

संध्याकाळी उमरेडहून फोन. मी उचलला. पलीकडे तुळसाबाई, आजी स्वतः! "ईनबाईले सांग वं पोरी, मोगऱ्याची वेणी सांगतली हाय. पाय धुतले का मी आपल्या हातानं तिच्या अंबाड्यात माळीन. आमच्याकडं थोरल्या बाईचा मान असते तो."

अंबाडा. विहिणीचा मान! मांडवात, शंभर बायांसमोर, नवरीकडची बाई नवऱ्याच्या आईच्या केसांत फूल माळते. लहानपणापासून प्रत्येक लग्नात बघितलंय. आणि मी भुवया कोरत बसले! तिथे ही म्हातारी आकडा घेऊन टर्बनला हात घालणार. टर्बन घसरला की संपलं. नाही म्हणावं तर अपमान, हो म्हणावं तर…

आणि आजारी म्हणे! आवाज तर असा खणखणीत की फोन कानापासून लांब धरावा लागला.

आईला सांगितलं. ती पांढरी पडली. मग म्हणाली, "होईन तसं होईन." मला असलं बोलणं आवडत नाही. होईल तसं होऊ द्यायला एवढं केलं का मी?

१५ फेब्रुवारी, शनिवार

चाळीस पिना घेतल्या. उद्या.

१७ फेब्रुवारी, सोमवार

काल लिहायला जमलं नाही. सगळं लिहून ठेवते.

उमरेडला हॉलवर उतरलो तेव्हा आई खरंच नटीसारखी दिसत होती. बायका बघत राहिल्या. कुणी तोंडाला पदर लावून हसली. हसा! मग एकीची नजर टर्बनवर थांबली. मग दुसरीची. हसणं वेगळं होतं हे. मला समजेना. मग धसकन समजलं. सगळी मागावरची माणसं! सुटे धागे बाहेर. लांबून कळत नाही म्हणे! ह्या बायांना रस्त्याच्या पलीकडून कळतं. विणकराच्या घरची बाई करवती काठ उलटा बांधून लग्नाला आली होती, आणि बांधणारी विणकराची लेक होती.

आईला घेऊन खोलीत पळाले. मागोमाग सत्यवतीबाई आत आल्या आणि दाराला कडी लावली.

"काठ उलटा हाय," त्या म्हणाल्या.

"फॅशन आहे तशी," मी म्हटलं. "मीच नीट करते, तुम्ही जा, पाहुणे—"

"सरक वं बेटा."

मी त्यांचा हात धरला. विहिणीचा हात धरला मी! त्यांनी तो हळूच सोडवला आणि पिना काढायला लागल्या. एक, दोन, तीन. आईने डोळे मिटले होते, दोन्ही हातांनी पर्स घट्ट धरली होती. मला वाटलं आता ओरडतील, बाहेर जाऊन माणसांना बोलावतील. टर्बन सुटला. आईचं डोकं उघडं पडलं, ट्यूबलाइटखाली. मी आईसमोर उभी राहिले, जसं काही आता झाकता येणार होतं.

त्यांनी आपल्या पिशवीतून मलमलचा तुकडा काढला, धुऊन धुऊन मऊ झालेला. तो आईच्या टाळूवर ठेवला, कानांमागे गाठ मारली. वरून टसर, काठ सुलट, दाते पुढे. बाबा सूत जोडायचे तशी बारीक गाठ. मग ब्रोच.

"आता टोचन नाही," एवढंच म्हणाल्या.

बाहेर पाय धुणं झालं. तुळसाबाई वेणी घेऊन टुणकन उठली आणि अंबाडा शोधत आईच्या मागे गेली. सत्यवतीबाईंनी वेणी तिच्या हातातून घेतली. "हे असं वरून बांधतेत आता," म्हणाल्या आणि टर्बनभोवती मोगरा गुंडाळला. म्हातारीचं लक्षच नव्हतं, तिने काठ बोटांत धरला होता. "कोणाच्या हातचा हाय हा?"

"ह्यांच्या," आई म्हणाली.

"तीन धोट्यांनी विणलेला! असा दाता आता कोणी काढत नाही गा!" सगळ्या मांडवात ऐकू गेलं. बाबा खांबाआड गेले.

लग्न लागलं. मोडलं नाही! फोटोवाल्याने आईचा एकटीचा फोटो काढला. त्या वेळी तिने गॉगल काढून हातात घेतला. मी नको नको म्हणत होते, डोळ्यांखालची वर्तुळं दिसतात ना. ऐकलं नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सत्यवतीबाई देवमाणूस. दिवसभर हेच म्हणतेय. पण एक गोष्ट मनातून जात नाही. दचकल्या कशा नाहीत? टक्कल बघून माणूस निदान एकदा तरी थबकतो. मी स्वतः पहिल्यांदा न्हाणीघरात जाऊन रडले होते.

आणि मलमल? स्वतःच्या लेकीच्या लग्नात पिशवीत धुतलेला मलमल घेऊन कोण फिरतं?

आणि ती म्हातारी. दोन वेळा वाढून घेतलं तिने. वरातीत नाचली.

उद्या प्रज्वलला विचारते. पाचव्या किमोची तारीखही घ्यायची आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पाचवी किमो नाही, प्रज्वलने शेवटी सांगितलं. डॉक्टरांनी डिसेंबरातच सांगितलं होतं, आता उपयोग नाही, मेपर्यंतचं सांगता येत नाही. लग्न आजीसाठी अलीकडे आणलं नव्हतं. प्रज्वलने सत्यवतीबाईंना सगळं सांगून तारीख मागितली होती, आणि त्यांनी दिली. बाबांना माहीत. डॉक्टरांचं आईलाही माहीत, फक्त उमरेडला सांगितलंय हे तिला माहीत नव्हतं. मी जगापासून लपवत होते आणि घर माझ्यापासून.

आईवर ओरडले. काहून नाही सांगितलं मला? ती म्हणाली, "तू मले नटवून राहिली होती वं. मंग तू नुसती रडत बसली असती."

फोटो आलेत. तिने तो एकटीचा निवडला, गॉगल हातातला. "हा मोठा करून आण. भिंतीवर हाच पाह्यजे. लोक म्हणतीन, बाई हौशी होती. आणि हार घालसान तवा बाजूनं घालजा. काठ झाकू नका."