भिंतीतली खाच

प्रिय निमिष,

तुझा निरोप मिळाला. सात तारखेला येतोस, कारखान्याला लागून असलेली तुझी खोली उघडतोस, खरीददाराच्या हाती चाभी देतोस आणि संध्याकाळच्या गाडीने परत. म्हणजे बहिणीकडे चहा घ्यायलासुद्धा वेळ ठेवलेला नाहीस. वा रे वा! फोन केला की तुझी मीटिंग असते, म्हणून लिहितेय. आधीच सांगते, खोली विकू नकोस म्हणून गळ घालायला हे पत्र नाही. तुझी खोली, खुशाल विक. पण त्याआधी हे वाच, आणि अर्ध्यावर टाकू नकोस. तुझी खोड मला ठाऊक आहे.

तुला नानांचे ते पुठ्ठ्याचे तुकडे आठवतात? प्रत्येक मशीनच्या मापाचा एक तुकडा. पाटावर दहा बाय बाराची खोली आखायची आणि जेवण थंड होईपर्यंत तुकडे सरकवत बसायचं. आपल्या घराण्यात सगळे पोथ्या वाचणारे, वडिलांनी हातात रंधा धरला म्हणून संकठा घाटावरच्या भाऊबंदांनी काय कमी नावं ठेवली? पण माणसाने जागा कशी काढली बघ. ड्रिल भिंतीवर चढवलं, लाकूड कातायचा खराद जिन्याखाली घातला, करवतीला चाकं लावली आणि तिचं टेबल रंध्याच्या मशीनच्या बरोबर उंचीचं केलं, म्हणजे एकाचा टेकू दुसऱ्याला. घोडं अडलं ते रंध्यापाशीच. पंडितांच्या बसायच्या चौक्यांना आठ फुटी फळ्या लागतात. आठ फूट मशीनच्या अलीकडे, आठ फूट पलीकडे, मग आपण काय छतावर उभं राहायचं? तू म्हणालास, गावाबाहेर लहरताऱ्याकडे मोठी शेड घेऊ. नानांनी छिन्नी घेतली आणि भिंतीत हातभर रुंद खाच पाडली. मशीनमधून निघालेली फळी खाचेतून शेजारच्या खोलीत जायची, तिथे उभा असलेला माणूस तिचं टोक उचलून धरायचा. टोक खाली गेलं की शेवटाला रंधा जास्त खातो आणि खड्डा पडतो. आणि कारखान्याचा एकच कायदा: अलीकडच्याने फळी नीट पकडून ‘सोडा’ म्हटल्याशिवाय पलीकडच्याने हात काढायचा नाही. मग वरून वीज पडो.

नानांच्या तेराव्यानंतर तू त्या खोलीला कुलूप लावून गेलास. पलीकडे धरणारं कोणी नाही, म्हणून मी सहा महिने नुसते पाट नि चौरंग केले. मग पंचगंगा घाटावरचे गोपीनाथ पंडित आठ फुटी चौकीसाठी हटून बसले. म्हटलं, होऊ दे खड्डा, हातरंध्याने काढीन. फळीच्या माझ्याकडच्या शेपटीला दोरी बांधली, कारण ती खाचेतून उलटून पलीकडे पडणार हे तर उघड होतं. पडली नाही. मशीनमधून पूर्ण सुटली आणि तशीच आडवी राहिली, टेबलावर ठेवल्यासारखी. मी दोरी धरून उभीच. तोंडातून सवयीने निघून गेलं, सोडा. फळी हलकी झाली आणि माझ्याकडे आली. शेवटाला खड्डा नव्हता.

मी काही खुळी नाही, निमिष. वर्षभर हेच चाललंय. गोपीनाथ पंडितांनी फळीवरून हात फिरवून विचारलं, नवीन माणूस ठेवलात का, हात फार जुना वाटतो. मी हो म्हटलं. परवा भर दुपारी फळी निम्मी गेली असताना बिजली गेली, मशीन थांबलं. त्या शांततेत मी फळीवर तळवा ठेवला. फार वेळ उभं राहिलेला माणूस या पायावरचा भार त्या पायावर घेतो ना, तेवढंच हलत होतं. नंतर बॅटरी घेऊन खाचेतून पाहिलं. नानांचं स्टूल, तुझी मोडकी खाट, जमिनीवर सगळीकडे वर्षाचा भुसा. खाचेसमोर मात्र दोन पावलांएवढ्या जागेत भुशाचा कण नाही.

आता जे लिहायचंय ते लिहिते. नाना जेवून झोपले ते उठलेच नाहीत, असं मी तुला सांगितलं. खोटं सांगितलं. त्या सकाळी शेडवरून तुमची जुंपली, तू मशीन बंद केलंस आणि फळी खाचेत तशीच टाकून स्टेशनवर निघून गेलास. मी भाजी घेऊन आले तेव्हा फळी आडवीच होती. वळसा घालून त्या खोलीत गेले. नाना उभे होते. पाठ मागच्या भिंतीला, फळीचं टोक दोन्ही हातांत पोटाशी. डॉक्टर म्हणाले, प्राण जाऊन अर्धा तास झाला असेल. शेजारच्या लतिकाकाकूंनी ऐकलं होतं, नाना पलीकडून विचारत होते, निमिष, सोडू का? तीनदा विचारलं म्हणे. तुझ्यावर रागवून मी हे लपवलं असतं तर एक वेळ बरं. तुला जगता येणार नाही म्हणून लपवलं. आणि वर्षभर लपवत राहिले ते माझ्या स्वार्थासाठी, कारण फळ्या छान निघत होत्या आणि मी एकटी नव्हते. बापाला उभं ठेवून पोट भरलं मी. लाज वाटते रे.

मी सोडा म्हटलं की ते माझी फळी सोडतात. पण जात नाहीत. मी हात जोडून सांगून पाहिलं, संकठादेवीला नारळ ठेवून पाहिला. ते माझ्या सांगण्याची वाट बघतच नाहीयेत. म्हणून सात तारखेला कुलपाला चाभी लावायच्या आधी कारखान्यात ये. एक आठ फुटी फळी मी काढून ठेवलीय. मशीन चालू कर, फळी लाव, शेपटी दोन्ही हातांनी धर आणि सांग त्यांना. रडलास तरी चालेल, पण जरा मोठ्याने सांग. त्यांना उजव्या कानाने कमी ऐकू येतं.

तुझीच,
देवयानीताई