राजोडीच्या बेसिलचा नाश

१ जानेवारी २००४, गुरुवार

या वर्षी संकल्प एकच. राजोडीच्या बेसिलचा नाश.

हाणामारी नाही. हाणामारीत चष्मा फुटतो. नाश शांतपणे, सर्वांसमोर आणि त्याच्याच गावात.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कधी दया आली तर वाचता येईल. गेल्या रविवारी राजोडीच्या बीचवर सगळे बाइकवाले आपापल्या गाड्या लाइनीत लावून उभे होते. दर रविवारी असतात. मीही बाबांची यज्दी धुऊन, पुसून, सीटला नवं कव्हर घालून नेली. बेसिलची आरएक्स हंड्रेड आधीच तिथे. काळी, टाकीवर लाल ज्वाळा. भोवती गर्दी. तो माझ्या गाडीपाशी आला, वाकला, मागच्या कॅरियरमध्ये अडकलेली वालाची एक शेंग काढली आणि माझ्या हातात देऊन म्हणाला, घे रे, भाजी पडेल तुझी. सगळे हसले. मीही हसलो. हे सर्वांत वाईट झालं.

शेंग घरी आणली होती. आईने आमटीत टाकली. पुरावा गेला.

४ जानेवारी, रविवार

संधी आली. ख्रिस्ती लोकांचा ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ सुरू होण्याआधीच्या रविवारी, म्हणजे २२ फेब्रुवारीला, राजोडीची पोरं बीचवर बाइक शो ठेवणार आहेत. सजवलेल्या गाड्या, परीक्षक, ढाल, माइक. पहिला नंबर माझा येणार. मग बेसिलने माइकवरून कबूल करायचं की आमच्या चांदीपची गाडी त्याच्यापेक्षा भारी आहे. मी त्याला माफ करीन. माफ केलं की माणूस आयुष्यभर मान वर करत नाही.

सातिवलीला आमच्या प्लेटिंगच्या युनिटमध्ये माझ्याबरोबर पॅकिंगला असलेला प्रितेश या कटात आहे. तो म्हणाला, कट कसला, गाडी सजवायची आहे ना? त्याला गांभीर्य नाही. पण त्याच्या काकांकडे वेल्डिंग मशीन आहे.

बारावीचा फॉर्म पुन्हा भरायचा संकल्प मागच्या वर्षाचा होता. त्याची मुदत संपली.

११ जानेवारी, रविवार

कॅरियर काढला. सगळ्या अपमानाचं मूळ तेच होतं.

बाबा संध्याकाळी शेतावरून आले, गाडीकडे बघत उभे राहिले. म्हणाले, सकाली दुधी काय डोक्यावर नेऊ? बाबा रोज पहाटे भाजी विरारच्या मार्केटला याच गाडीवरून नेतात, हे मला माहीत आहे. मी शांतपणे समजावलं की हा इज्जतीचा प्रश्न आहे. ते म्हणाले, कोनाच्या? मी म्हणालो, घराण्याच्या. ते म्हणाले, घरान्याला दुधी विकायचाय.

उद्यापासून ते शेजारच्या टेम्पोतून जाणार आहेत. थोडी सवय बदलली की तब्येत चांगली राहते.

१९ जानेवारी, सोमवार

टाकी, दोन्ही मडगार्ड, चेनकव्हर सगळं क्रोम करून मिळालं. युनिटमधल्या मास्तरांनी जेवणाच्या सुट्टीत हौदात बुडवून दिलं. म्हणाले, इतकं चकाकणारं वापरायचं कशाला, देव्हाऱ्यात ठेव. टाकीत तोंड दिसतं. माझं जरा रुंद दिसतं. कोणाचंही दिसेल.

हँडलला आठ आरसे लावले. बेसिलला दोन आहेत.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन. नंतर वसईला स्पेअरच्या दुकानात. समोर बेसिल! मी काउंटरवरच्या सीटकव्हरांमागे सरकलो, पण त्याने पाहिलं. ओळख असल्यासारखा हसला. माझ्या हातातला पाइप बघून म्हणाला, पुढचा फोर्क लांब करतोस? भारी. पन एक वीतभरच कर, जास्त केला तर वळनार नाय गाडी. आणि स्टँडला खाली रुंद पत्ती मार.

घरी येईपर्यंत विचार केला. शत्रू फुकट सल्ला का देतो? घाबरला म्हणून.

फोर्क दोन वीत वाढवणार. पत्ती मारणार नाही. बारीक स्टँड नाजूक दिसतो.

१ फेब्रुवारी, रविवार

फोर्क झाला. गाडी आता पुढून उंच, मागून बसकी, पाटलासारखी टेकून बसली आहे. हँडल इतकं वर गेलं की हात शरणागती दिल्यासारखे दिसतात. असं प्रितेश म्हणाला. मी म्हणालो, आशीर्वाद दिल्यासारखे.

ट्रायल घेतली. हायवेला उजवीकडे वळायचं होतं. गाडी वळली नाही. सरळ गेलो. पुढच्या ढाब्यापाशी उतरून हातांनी फिरवली. ढाब्यावरचे ड्रायव्हर खाटेवरून उठून मदतीला आले. एकाने विचारलं, ये घूमती नहीं क्या? मी म्हणालो, शो की है. त्यांना कौतुक वाटलं असावं. बराच वेळ बघत होते.

तसंही शोमध्ये गाडी उभीच असते. वळणं हा परीक्षेचा भाग नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

मागच्या मडगार्डवर रेडियममध्ये ‘प्रतिशोध’ कापून लावलं. रेडियमवाल्याने आधी ‘ती’ दीर्घ केला होता. मी परत करून घेतला. म्हणाला, कोन बघतंय? मी म्हणालो, बेसिल.

बाबांची कंबर टेम्पोत उभं राहून धरली. आई एवढंच बोलली, की कोन तो बेसिल, त्याला एकदा घरी जेवायला बोलव नि मिटव. आईला सूड कळत नाही. तिला सगळं जेवणाने मिटतं असं वाटतं.

संकल्प: शो झाला की कॅरियर परत लावणार. नक्की.

१५ फेब्रुवारी, रविवार

आठही आरशांसमोर भाषणाचा सराव. सुरुवात: “बेसिल, मी तुला ओळखत नाही असं समज.” नको, ओळखतो. दुसरी सुरुवात: “मित्रा.” मित्रा फार जहरी वाटतं. तेच ठेवलं.

प्रितेश म्हणाला, शोच्या दिवशी त्याच्या सासरी पूजा आहे, तो येणार नाही. त्याचं लग्न झालेलं नाही. विचारलं तर म्हणाला, होईल तेव्हा लागेल सवय. गेला उडत. मोठी माणसं एकटीच लढतात.

२१ फेब्रुवारी, शनिवार

गाडी राजोडीपर्यंत चालवत नेता येणार नाही. वाटेत वळणं आहेत. शेजारच्या टेम्पोची सोय केली. बाबांचे दुधी खाली, वर गाडी. आधी विरारला भाजी उतरवायची, मग राजोडी. बाबा टेम्पोत मडगार्डला धरून बसणार आहेत. त्यांना मी सांगितलं, क्रोमला हात लावायचा असेल तर फडक्याने.

२२ फेब्रुवारी, रविवार, सकाळी

सगळ्यांच्या आधी पोचलो. बाबा टेम्पोबरोबर परत गेले. जाताना गाडीकडे बघून म्हणाले, नीट आन घरी.

जागा मी विचार करून निवडली. बाकीचे सगळे वर सुरूच्या झाडांखाली, कोरड्या भुसभुशीत वाळूत. झाडांच्या सावलीत क्रोम काय दिसणार? मूर्ख. मी खाली, पाण्यापासून जरा अलीकडे, ओल्या कडक वाळूवर लावली. गाडीचं प्रतिबिंब खाली वाळूतसुद्धा पडतं आहे. म्हणजे दोन यज्द्या. अशी जागा एकालाही सुचली नाही, आणि हे लोक समुद्राकाठी जन्मले!

बेसिल आला आहे. लांबून हात केला. मी केला नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी

शांतपणे, क्रमाने लिहितो.

परीक्षक वरून, झाडांकडून सुरू झाले. बेसिल माझ्याकडे आला. म्हणाला, गाडी वर घे, पानी चढतंय. मी ओळखलं. सर्वांत चांगल्या जागेवरून उठवायचा डाव. नाही म्हणालो.

थोड्या वेळाने पुन्हा आला. म्हणाला, अरे बाबा, परवा अमावास्या झाली, आज पानी पार सुरूपर्यंत जातं. मी म्हणालो, मला अमावास्या शिकवू नको, आमच्या घरी कॅलेंडर आहे. चांदीपला पाणी पंपाने येतं आणि बटण बंद केलं की थांबतं. समुद्राचं आपल्या वेळेने एवढं वर चालत येतं, हे कॅलेंडरमध्ये कुठे ठळक छापलेलं नव्हतं.

तिसऱ्यांदा त्याने गाडीलाच हात घातला. तेव्हा मी ओरडलो. सगळ्यांना ऐकू जाईल असं. की हा लबाड आहे, माझा पहिला नंबर येणार म्हणून जळतो, हा माझा शत्रू आहे. माइकवाला गप्प झाला. एका म्हाताऱ्या कोळिणीने वरून सांगितलं, ए पोरा, शत्रू नंतर, पयली गाडी बघ.

बघितली. बारीक स्टँड वाळूत गेला होता. गाडी सावकाश आडवी झाली. धाडकन नाही, माणूस दुपारी कलंडतो तशी. पहिली लाट इंजिनवरून गेली, दुसरी टाकीवरून. आठ आरशांत आठ समुद्र.

मी हँडल धरलं. वाळूने मागचं चाक धरलं. कोणीतरी होडीचा दोर आणला. बेसिल चांगल्या पँटीसकट छातीएवढ्या पाण्यात शिरला, गाडीखाली बुडी मारून दोर बांधला. वरची सगळी पोरं ओढायला. हैया हैया. मीही ओढत होतो, पण कोणीतरी म्हणालं, तू बाजूला हो रे, मधे येतोस.

याच वेळी माइकवर परीक्षकांनी बेसिलचं नाव पुकारलं. पहिला नंबर त्याचाच होता, पण गाडी चालू करून दाखवायची होती. तो पाण्यात. दोनदा पुकारलं. मग ढाल नालासोपाऱ्याच्या कोणा पल्सरवाल्याला दिली.

स्वच्छ अक्षरात लिहितो: बेसिल हरला. माझ्यामुळे.

२३ फेब्रुवारी, सोमवार

गाडी बेसिलच्या अंगणात आहे. त्यानेच काल ठेवून घेतली. म्हणाला, खारं पानी आत गेलंय, आज गोड्या पान्याने धुतली नाय तर इंजिन जाम. म्हणजे गाडी शत्रूच्या ताब्यात. बाबांना सांगितलं, पाहणीसाठी ठेवली आहे. मार्केटात कोणीतरी त्यांना आधीच सगळं सांगितलं असणार. बाबा भाजीची गोणी खांद्यावर घेऊन कोपऱ्यापर्यंत चालत गेले. टेम्पो आत येत नाही.

जेवण गेलं नाही. हे पित्तामुळे.

६ मार्च, शनिवार

दर शनिवारी अर्धी सुट्टी झाली की राजोडीला जातो. लक्ष ठेवायला. बेसिल वसईच्या गॅरेजातलं काम उरकून आला की चहा न घेता माझ्या गाडीखाली पाठीवर झोपतो. इंजिन उतरवलं, घासलं. फोर्क कापला. आरसे काढले. मी पाना देतो, पण तुटकपणे. तो म्हणतो, बारा नंबर दे. मी देतो, पण त्याच्याकडे न बघता.

त्याच्या आईने, सालोमीबाईंनी, मला चहा दिला. त्याला काळ्या हातांमुळे घेता आला नाही. थंड झाला. मी माझा गरम प्यालो. छोटा विजय.

२७ मार्च, शनिवार

बेसिलचे हात कोपरापर्यंत काळे. कानातही ऑइल. स्वतःची आरएक्स कोपऱ्यात ताडपत्रीखाली धूळ खाते आहे. तिला हातही लावलेला नाही. हे सगळं मी करायला लावलं. विचार केला तर सूड कधीच सुरू झाला आहे आणि त्याला पत्ताही नाही. असा सूड आजवर कोणी घेतला नसेल. त्याच्याच पाठीवर, त्याच्याच अंगणात, त्याच्याच पान्यांनी.

ईस्टरला गाडी देतो म्हणाला. त्या दिवशी तोंडावर सांगून टाकणार.

११ एप्रिल, रविवार

आज ईस्टर. बाबांना घेऊन राजोडीला गेलो. गाडी अंगणात उभी. साधी. क्रोम जागोजागी उडालेलं, फोर्क पहिल्यासारखा, मागे नवा कॅरियर, बेसिलने पाइपचाच केलेला, आधीपेक्षा रुंद. बाबांनी किक मारली. एका किकला. अंगणात गोल फिरवली. डावीकडे, मग उजवीकडे. मग म्हणाले, येतो मी, माझा पावटा तोडायचा राहिलाय, आणि निघूनच गेले. मला न घेता.

मी बेसिलला बाजूला घेतलं. म्हणालो, मित्रा, तुला वाटलं असेल तू मदत केलीस. तो माझा सूड होता.

तो हात पुसत हसला. म्हणाला, आयला, म्हंजे तू खराखुरा शत्रू होतास? बरं झालं. फादर दर वर्षी सांगतात, उपवासकाळात आपल्या शत्रूचं एक काम करा. मला कधी शत्रूच मिळेना. आई बोलते, तुला कोन घेनार शत्रू म्हनून. मग त्या दिवशी तू बीचवर ओरडलास. मला वाटलं, चला, यंदा एक मिळाला.

मला एकदम बरं वाटलं. एवढ्या मोठ्या गावात त्याचा शत्रू एक, आणि तो मी. मी ताठ उभा राहिलो. विचारलं, आणि ती वालाची शेंग?

कसली शेंग, म्हणाला. आठवेना त्याला. मग म्हणाला, पन आता ईस्टर झाला, तू काय शत्रू नाय आता. चल आत, कोंबडी केलीय. आई विचारते, पोराचं नाव काय. अरे, नाव काय तुझं?

सुमेध, मी म्हणालो.

त्याने आत हाक मारली, आये, सुमेधला पन वाढ.

त्याचा उपवासकाळ संपला. माझा कोणता काळ चालू होता, आणि तो कधी संपतो, ते मला कोणी सांगितलेलं नाही. नवीन शत्रू शोधायचा तर पुन्हा पहिल्यापासून एवढा खर्च, आणि गाडी आता बाबांकडे. कोंबडी दोनदा घेतली. घरी एसटीने आलो. उभ्याने.