पेटीखालचं बसकर

सावाताबी, ८ मार्च

ती. चिझुको काकूंस कोहेईचा सा. न. वि. वि.

बर्फ उपसून पाठ धरली आहे, म्हणून पत्राला उशीर. बातमी चांगली आहे. सकाळच्या गाडीत मागच्या कोपऱ्यात ठेवलेली करडी पेटी तुम्ही पाहिली असेल. तिच्यातले सेन्सर गाडीचे हादरे टिपतात आणि रूळ कुठे बिघडलाय ते आम्हाला ऑफिसात कळतं. रोज चालत तपासायला आता माणसं कुठे आहेत? गेल्या महिन्यापासून सगळाच मार्ग सुधारलेला दिसतो. काका जन्मभर ज्याची खडी ठोकत राहिले, ते नदीकाठचं वळणसुद्धा! कुसाका साहेब म्हणाले, तुझे काका वरून येऊन ठोकून गेलेले दिसतात. सोमवारपासून तिथली वेगमर्यादा उठवणार.

मुळ्याचं लोणचं संपलं, हे आपलं सहज. माया आहे तशीच ठेवा.

आपला,
कोहेई

११ मार्च

चि. कोहेईस आशीर्वाद.

फोनवर तू आधी हसत बसशील, म्हणून चिठ्ठी ड्रायव्हरच्या हाती देते आहे. मर्यादा उठवू नका. पेटी गार फरशीवर थरथरत होती. आम्ही बायका स्टेशनच्या बाकांसाठी बसकरं शिवतो, त्यातलं एक मी महिन्यापूर्वी तिच्याखाली सारलं. 'हात लावू नये' हे वाचलं होतं, म्हणून रुमालाने उचलली. ड्रायव्हर म्हणाला, आता चहाही पाजा तिला, आजी.

त्या वळणावर माझा चहा अजून सांडतो. ह्यांच्या समाधीला जाताना त्या धक्क्यानेच कळतं की उतरायचं स्टेशन आलं. साहेबांना सांग, वरून कोणी आलेलं नाही. आले असते तर आधी घरी आले असते.

तब्येत सांभाळ.
काकू

१६ मार्च

ती. काकूंस सा. न. वि. वि.

बसकर काढलं आणि धक्का दिसला. साहेब स्वतः चालत गेले. खडीखाली नुसता चिखल! मर्यादा राहिली, गुरुवारी दुरुस्ती आहे. पेटी आता स्क्रूने आवळली आहे. बसकर परत पाठवतो. साहेबांनी घरी नेऊन धुतलं, इस्त्रीही केली.

रागावू नका.
कोहेई

२५ मार्च

चि. कोहेईस आशीर्वाद.

बसकर मिळालं. धुवायला नको होतं. ह्यांच्या कामाच्या कोटाचं होतं ते. असो, साहेबांना काही बोलू नकोस.

काल समाधीला निघाले. वळण कधी गेलं ते कळलंच नाही, चहा पेल्यातच राहिला. पुढच्या स्टेशनावर उतरून रस्त्याने मागे चालत आले. वाटेत फाटकापाशी थांबून वळण पाहिलं. काम चांगलं झालंय. ह्यांना तसं सांगितलं.

लोणचं पाठवते आहे. बरणी परत दे.

काकू