दात न उमटलेला खुळखुळा

झाशी, बुधवार संध्याकाळ

बबीना छावणीतल्या फौजी वहिनींनी गावी असलेल्या माझ्या लेकीसाठी, चिमीसाठी, जुनी खेळणी दिली, तीही फुकट. तेव्हाच शंका आली. आज कोमट पाण्यात खुळखुळा धुतला, तर त्यावर एकही दात उमटलेला नाही. कुठलं पोर खुळखुळा चावत नाही? त्यांचं बाळ आजारी होतं की काय? की... राहवेना, फोनच केला.

"वहिनी, हा खुळखुळा कुणाचा?"

"आमच्या मुलाचा, भैया. तो गावी आजीकडे वाढला. इकडे आला तेव्हा थेट सायकल मागायला लागला!"

हसल्या त्या. मला हसू येईना. चिमीला मी बारशाला पाहिलं, ते शेवटचं. खेळणी पार्सलने पाठवत नाही, स्वतःच नेतो. कामावरचा मुकादम 'रजा देतो' म्हणतो आणि ऐनवेळी फिरतो, म्हणून आधी तिकीट काढून त्याच्यापुढे ठेवणार.