दुहेरी उडीचा दम

सर, काल मंचरच्या आमच्या शाळेत एका पोरीनं मला विचारलं, दोरीवरच्या कुठल्या उडीला सगळ्यात जास्त ताकद लागते. मी तुमचंच उत्तर दिलं. साध्या उडीत गप्पा मारता आल्या पाहिजेत, हातांची फुली करून मारायच्या उडीत फक्त हो-नाही म्हणता यावं, आणि एका उडीत दोरी दोनदा पायाखालून काढायची असेल तर तोंड मिटूनच घ्यावं. पिंपळवंडीच्या मैदानावर आम्ही साध्या उड्या मारताना तुम्ही मुद्दाम विचारायचात, आज कालवण काय केलंय. जिला धाप न लागता सगळं सांगता येई, तिला वरची उडी मिळायची. आणि पोटात भाकरी नसेल तर दुहेरीचं नावसुद्धा काढायचं नाही, ही तुमची सक्त ताकीद.

आमच्या अण्णांना यातलं काही पटायचं नाही. टोमॅटोची तोडणी चालू असायची, आणि मी शाळेतून यायची ती भुकेनं वखवखलेली. दोन भाकऱ्या जास्त खायची, वर क्रेट उचलताना दोनदा खाली ठेवायची. आई म्हणायची, हिला भस्म्या झालाय. अण्णा सरळच म्हणाले, घरची ताकद दोरीवर उधळायची असेल तर शाळा बंद. तो आठवडाभर मी शेतातच होते. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तुम्ही भर उन्हात आमच्या अंगणात आलात, सायकलच्या हँडलला दोरी गुंडाळलेली.

अण्णा बाजेवर बसलेत, तुम्ही त्यांना समजावताय. सगळ्या उड्या सारख्या नसतात, तोडणी उरकेपर्यंत पोरीला नुसती साधी उडी देतो, त्यात ती थकायची नाही. अण्णा हसतात. "मास्तर, बोलून काय व्हतंय? करून दावा." तुम्ही चपला काढता. साध्या उड्या मारत नारायणगावच्या बाजाराचा भाव विचारता, अण्णाही मजेत सांगतात. मग फुली. आता तुम्ही नुसतं हूं म्हणताय, कपाळावर घाम. अण्णा उठून उभे राहतात. "बास मास्तर, पटलं. सोमवारी पाठवतो पोरीला."

तिथं थांबायचं होतं, सर. काम झालं होतं. पण तुम्हाला तिसरी दाखवल्याशिवाय राहवेना. दुहेरी सुरू केलीत, पोट सुटलेलं, वय झालेलं, तोंड मिटलेलं. आम्हाला वाटलं, नियमच आहे, दुहेरीत बोलायचं नसतं. मग तुम्ही खाली बसलात. अण्णांनी पाण्याचा तांब्या पुढं केला तर तुम्ही हातानं सारलात. "थांबा, दम जिरू द्या." धापेवर पाणी पिऊ नये हे आम्हालाही तुम्हीच शिकवलेलं. अण्णा तांब्या धरून तसेच उभे, आणि तुम्ही बसल्या जागी कलंडलात.

वडापच्या जीपमधली माणसं उतरवून तुम्हाला नारायणगावला नेलं, वाटेतच सगळं संपलं. डॉक्टर म्हणाले, हृदय. दहाव्याला तुमच्या घरच्या बाई आईला म्हणाल्या, शनिवारचा उपास व्हता, सकाळपासून उपाशीच व्हते.

सोमवारी अण्णा स्वतः मला शाळेत सोडायला आले. त्यानंतर माझ्या खाण्यावर घरात कुणी अवाक्षर काढलं नाही. अण्णाच ताटात भाकरी वाढायचे, पुरे म्हटलं तरी अजून एक. त्या भाकरीवर मी शिकले, तुमच्यासारखीच खेळाची शिक्षिका झाले. लोक म्हणतात, सरांचे उपकार. मला मात्र तुमचा राग येतो. सगळ्या पोरींना विचारायचात, जेवलीस का. त्या दिवशी तुम्हाला विचारणारं कुणी नव्हतं, आणि तुम्ही स्वतःला विचारलं नाहीत.

हे लिहिलेलं बोरीला, तुमच्या गावी, तुमच्या घरच्या बाईंना नेऊन द्यावं असं मनात होतं. पण त्या आता थकल्यात, त्यांना काय वाचून दाखवू? राहू दे माझ्याच कपाटात.

काल ती पोरगी पुढं म्हणाली, बाई, दुहेरी करून दाखवा ना. मी म्हटलं, गुडघा दुखतो गं. दर वर्षी हेच सांगते. गुडघा चांगला धड आहे, सर.