नववी नायिका

नॅशव्हिल, ४ ऑक्टोबर १९७१
डेल्माची, माझ्या बायकोची, तबकडी आली! नऊ गाणी, नऊ बायका. एक खिडकीत वाट पाहते, एक नवऱ्याचे बूट अंगणात भिरकावते, एक भांडून मागाहून रडते. मी ऐकता ऐकता मांडत गेलो — विरहोत्कंठिता, खंडिता, कलहान्तरिता. आठ गाण्यांत नाट्यशास्त्रातल्या आठही नायिका चोख बसल्या. भरतमुनी टेनेसीत येऊन गेले असावेत.

नववी मात्र कुठेच बसेना. ती काही करतच नाही. टेबल मांडते, नवरा छान छान बोलतो, ती ऐकते. ही कसली नायिका?

५ ऑक्टोबर
डेल्मा गाण्याच्या दौऱ्यावर गेली. आधी नॉक्सव्हिल, मग ब्रिस्टलला बहिणीकडे मुक्काम. दारात उभं राहून म्हटलं, आता जोडीदार परगावी गेलेली प्रोषितभर्तृका मीच. हसली नाही. फ्रिजमध्ये कोंबडी-भात करून ठेवलाय. जेवलो.

८ ऑक्टोबर
नववं गाणं दिवसभर रेडिओवर. आणि दारात चर्चमधल्या बायका! शेजारच्या इमोजीनबाई मक्याचं पुडिंग घेऊन, मागून आणखी दोघी. काचेच्या भांड्यांच्या बुडाला चिकटपट्टीवर आपापली नावं — मयताच्या घरी नेतात तशी. कोण गेलं, विचारलं. इमोजीनबाईंनी हात थोपटला.
"खाऊन घे, प्रोफेसर. आधी पोटात काहीतरी जाऊ दे."
गोंधळलो. पुडिंग उत्तम होतं.

१० ऑक्टोबर
चर्चमध्ये उलगडा झाला. नववं गाणं ऐकून, त्यात डेल्मा घरी नाही हे पाहून सगळ्यांची समजूत — डेल्मा मला सोडून गेली! मी समजावलं की गाण्यातली 'मी' वेगळी, गाणारी वेगळी. सगळ्यांनी माना डोलावल्या. वेड्याची समजूत घालताना डोलावतात तशा.

११ ऑक्टोबर
ब्रिस्टलहून डेल्माचा फोन. ही सगळी गंमत सांगितली. मग विचारलं, नववीला कोणत्या वर्गात घालू? तिनंच उलट विचारलं,
"आठजणींना वर्गात बसवलंस. त्यातल्या एकीला तरी काही विचारलंस?"
गाण्यातल्या बाईला काय विचारायचं? कळेना. तेवढ्यात म्हणाली, "भांडी धुऊन ज्याची त्याला नेऊन दे. रिकामी नको देऊस, बरं दिसत नाही." फोन ठेवला.

१२ ऑक्टोबर
भांडी धुऊन पालथी घातली. इमोजीनबाईंचं, त्या दोघींची. चौथं आमचंच, कोंबडी-भाताचं. त्याच्याही बुडाला चिकटपट्टी. डेल्माच्या अक्षरात, माहेरच्या आडनावानं — डेल्मा प्रुएट.

घरच्या भांड्याला कोणी नाव लावत नाही. दुसऱ्याच्या घरी ठेवून यायचं असेल तरच लावतात.

१३ ऑक्टोबर
भांडं घेऊन ब्रिस्टलच्या बसमध्ये बसलोय. रिकामंच आहे. तिला काय आवडतं, ते आधी विचारायचंय.